बिनपावतीचा स्टोव्ह

३ मार्च १९९०, वाटूर

निवडून आलो. अकराशे बावन्न मतं जास्त पडली. परतूरहून फाट्यापर्यंत मिरवणूक यायला चार तास लागले. दोनदा आंघोळ केली तरी गुलाल कानातून निघत नाही.

ही वही झुंबरलाल शेठनी दिली. शेठ जालन्याचे, व्यापारी संघाचे अध्यक्ष. मला अपक्ष म्हणून उभं करण्यात त्यांचाच हात. म्हणाले, "भुजंगराव, आता रोज काय केलं ते लिहीत जा. मोठ्या माणसाला विसरायला फार होतं."

रोज लिहिणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. पण कशासाठी निवडून आलो ते आज लिहून ठेवतो. वाटूर फाट्यावर आमचं भांड्यांचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं, आता धाकटा भाऊ काकासाहेब बघतो. सात वर्षांपूर्वी विक्रीकराच्या तपासणीला आलेल्या एका साहेबानं वडिलांना दिवसभर दुकानाबाहेर उन्हात उभं केलं आणि आत बसून वह्या उलटल्या. चूक निघाली ती एका बेरजेची. वडील पुन्हा गल्ल्यावर बसले नाहीत. वर्षाच्या आत गेले.

तेव्हापासून मी एकच बोलत आलो: टॅक्स हटवा, फाटा जगवा. लोकांनी मतं दिली ती त्यावरच.

२६ जुलै १९९०, मुंबई

सभागृहात पहिलं भाषण झालं. सात मिनिटं मिळाली.  "विक्रीकर म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्यावर न विचारता येऊन बसलेला सरकारी भागीदार आहे. नफ्यात वाटा मागतो, तोट्याच्या वेळी तोंड दाखवत नाही." बाकं वाजली. एक मंत्रीसुद्धा हसले.

आमदार निवासात परत आलो तर शेठचा फोन. जालन्याच्या बाजारात पेढे वाटले म्हणे.

१६ ऑक्टोबर १९९०, वाटूर

धनत्रयोदशी. हौसेनं दुकानात बसलो. आमदार स्वतः माल देतो म्हणून लोक मुद्दाम येत होते. काकासाहेबानं यंदा स्टोव्ह भरपूर भरलेत. औरंगाबादच्या कुण्या नव्या व्यापाऱ्याकडून स्वस्तात मिळाले. खोक्यावर कंपनीचं नाव जरा वेगळंच छापलंय, एक अक्षर इकडचं तिकडं. छापखान्यावाले हल्ली लक्ष देत नाहीत. मी ते दाखवलं तर काकासाहेब म्हणाला, "अण्णा, तुमी गिऱ्हाईकाशी बोला, खोकी मी बघतो," आणि थप्पी उचलून आत घेऊन गेला. फार कष्टाळू पोरगा.

दुपारी सरदारबी आली. फाट्यावर पंक्चर काढणाऱ्या चांदपाशाची बायको. शिवणकाम करते. कपडे शिवून साठवलेल्या पैशातून स्टोव्ह घ्यायला आली होती. पोरगी ताहेरा दहावीला आहे, पहाटे उठून अभ्यास करते, चुलीपाशी धूर होतो. मी म्हणालो, "टॅक्ससकट एकशे चाळीस. पावती नको असंल तर सव्वाशे."

ती म्हणाली, "चिठ्ठी तरी द्या अण्णा. काही बिघडलं तर?"

"आगं, आमदार हाय मी. माझा शब्द हीच पावती समज."

सगळं दुकान हसलं. तीही हसली आणि सव्वाशे मोजून गेली. गरिबाचे पंधरा रुपये वाचवले. दिवाळीचा दिवस सार्थकी लागला म्हणायचा.

१२ फेब्रुवारी १९९१, वाटूर

काल पहाटे चांदपाशाच्या घरी स्टोव्ह भडकला. ताहेरा भाजली. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू. जीपमध्ये घालून जालन्याच्या सरकारी दवाखान्यात नेली. मला बायकोनं, केशरनं सांगितलं. ती बातमी कळताच तिकडे धावली होती, आल्यावर बराच वेळ हात धूत बसली.

मी माणसाबरोबर दोनशे रुपये पाठवले. दहावीची परीक्षा महिन्यावर. वाईट वाटलं. या लोकांना स्टोव्ह वापरायचा कसा ते कोणी शिकवत नाही, पंप मारतच राहतात. यावर पंचायत समितीतर्फे एखादं शिबिर घ्यावं.

१९ फेब्रुवारी १९९१, जालना

दुसऱ्या कामानं जालन्याला आलो होतो, म्हणून दवाखान्यात डोकावलो. ताहेरा जाळीखाली निजलेली. डोळे उघडे होते. मला बघून उठायला गेली, नर्सनं दाबून धरलं.

बाहेर व्हरांड्यात चांदपाशा उकिडवा बसला होता. मी म्हणालो, "काळजी करू नको, होईल बरी."

तो खालीच बघत बोलला. "साहेब, टाकीचा जोड फाटला. पंप जास्त मारलाच न्हवता तिनं. दोनदाच मारला. स्टो तुमच्याच दुकानातला व्हता. तुमीच दिल्ता."

आमच्या दुकानातला हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आठवडाभर एकदाही आलं नाही.  

डॉक्टरीणबाई मूळच्या कोकणातल्या, वयानं लहान, बोलायला सरळ. मी विचारलं, उपचाराचा खर्च किती येईल, मी भरतो. त्या म्हणाल्या, "इथं तिला काही भरावं लागत नाही. दीड महिना राहील. रोजचं ड्रेसिंग, सलाईन, पुढे बोटांचं ऑपरेशन, सगळं सरकारी." मग म्हणाल्या, "तुमचं भाषण पेपरात वाचलं होतं, आमदारसाहेब. तुमच्या त्या न विचारता बसलेल्या भागीदाराच्या पैशावरच हा वॉर्ड चालतो."

मला राग आला. अजून आहे. 

२० फेब्रुवारी १९९१, वाटूर

काकासाहेबाला विचारलं. म्हणाला, "कशावरनं आपला? पावती कुठाय?"

"मीच विकला. मला याद हाय."

"तुमाला याद हाय. कागदाला न्हाई."

बोलून तो खिळे तोलायला लागला.  भाऊ मनानं वाईट नाही, त्याला संसाराची काळजी आहे. अलीकडेच त्यानं जुनी जीप विकून नवी घेतली, तिचे हप्ते असतील.

(मागची पानं उलटून पाहिली. धनत्रयोदशीचं पान पुन्हा वाचलं. पूर्ण वाचवलं नाही.)

५ मे १९९१

परवाच्या गुरुवारीही केशर घरी नव्हती. हल्ली दर गुरुवारी दुपारी माळवाडीच्या बहिणीकडे जाते. डब्यात दूध, अंडी असं काहीबाही असतं. बहीण आजारी आहे का, विचारलं तर म्हणाली, "बरी होतीय हळूहळू." बहिणीची तिला फार माया.

१८ जून १९९१

ग्राहक मंचाची नोटीस आली. अर्जदार सरदारबी, सामनेवाला आमचं दुकान. काकासाहेबानं ती माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाला, "बघा, तुमच्या गरिबांनी काय वाढून ठेवलंय."

अर्जाची प्रत सोबत होती. मराठीत, हातानं लिहिलेला. सरदारबीला सही करता येते, लिहिता येत नाही. चांदपाशाला गाड्यांचे नंबर तेवढे. अक्षर बायकी आणि नेटकं आहे. 'ळ' ची खालची गाठ लांब ओढलेली. आमच्या घरच्या किराण्याच्या यादीतही असाच 'ळ' असतो. त्या काळी मुलींच्या शाळेत एकच बाई शिकवायला असतील.

अर्जात एक वाक्य होतं: "पावती मागितली असता, आमदार असल्याने शब्द हीच पावती समजावी असे सांगण्यात आले." एवढंच. त्यात शिवी नाही, आरोप नाही. शिवी असती तर बरं वाटलं असतं.

काकासाहेबाच्या वकिलानं उत्तर तयार केलंय: सदर वस्तू आमच्या दुकानातून विकलेलीच नाही.

२ जुलै १९९१, जालना

शेठकडे गेलो. माणूस समजूतदार आहे. ऐकून घेतलं, चहा पाजला. मग म्हणाले, "भुजंगराव, पोरीचं वाईट झालं. संघातर्फे पाच हजार देऊ, मी स्वतः नेऊन देतो. पण हे प्रकरण मंचापुढं टिकलं, तर उद्या प्रत्येक दुकानदार कोर्टाच्या पायरीवर. निम्मा बाजार बिनपावतीचा चालतो. तुमच्याच भाषणांनी चालतो. तुम्ही खोटं बोलू नका. फक्त तारखेला मुंबईत असा. तुम्हाला कामं का कमी आहेत?"

खोटं बोलायचं नाही, फक्त नसायचं. हे मला पटलं. पटलं म्हणून बरंही वाटलं.

१४ ऑगस्ट १९९१, मुंबई

विधानभवनाच्या ग्रंथालयात तीन दिवस बसलो. आलो होतो विक्रीकराविरुद्ध दुसरं भाषण तयार करायला. ग्रंथपाल बाईंनी कागदांचा ढीग आणून ठेवला.

ज्या गोष्टी मला माहीत नव्हत्या त्या लिहितो. एक, ठराविक रकमेपुढच्या विक्रीला पावती देणं कायद्यात आधीपासूनच आहे. बारा वर्षं दुकानात बसलो, मला ठाऊक नव्हतं. की ठाऊक करून घेतलं नव्हतं? दोन, एका मोठ्या कारखान्याला विक्रीकर कित्येक वर्षांसाठी माफ केलेला आहे. एका वर्षाची माफी एवढी, की आमचा सगळा फाटा, टपऱ्यांसकट, शंभर वर्षं कर भरत बसला तरी बरोबरी होणार नाही. त्याच वर्षी साबण आणि काडेपेटीवरचा कर मात्र गेला नाही. चांदपाशा साबण घेतो तेव्हा कर देतो. त्याला कोणी माफी विचारली नाही, आणि मीही त्याच्यासाठी मागितली नाही. मी मागितली ती दुकानदारासाठी.

आणि खरं म्हणजे दुकानदार तरी कुठं भरत होता? मी स्टोव्हवर पंधरा रुपये कर सोडला म्हणजे काय केलं? पावती गेली. पावती गेली म्हणजे सरदारबी गिऱ्हाईक राहिली नाही. रस्त्यानं जाणारी एक बाई राहिली.

वडिलांना उन्हात उभं केलं, ते आजही मला अन्यायच वाटतं. पण त्या अन्यायाच्या आडोशानं मी काय काय उभं केलं?

भाषण दिलं नाही. तब्येत बरी नाही म्हणून कळवलं.

२९ नोव्हेंबर १९९१, वाटूर

शिवकन्याबाई येऊन गेल्या. जालन्याच्या वकील, ग्राहकांच्या तक्रारी फुकट चालवतात. तिशीतल्या असतील, लुनावरून एकट्या आल्या. ओट्यावर बसल्या, पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला बोलवायला नाही आले. बोलावणं मंच पाठवू शकतो, पण आमदाराला ओढत आणल्याचा काही उपयोग नसतो. मला एकच विचारायचंय. विकला का?"

मी म्हणालो, "तारखेला मुंबईत समितीची बैठक हाय."

"मी तारीख नाही विचारली."

केशर आतून चहा घेऊन आली. शिवकन्याबाई तिला म्हणाल्या, "वहिनी, साखर कमी चालेल, माहितीय ना." पहिल्यांदाच घरी आलेल्या बाईची साखर हिला कशी माहीत, मला कळलं नाही. बायकांना अशा गोष्टी चटकन कळतात.

९ जानेवारी १९९२, जालना

आज सविस्तर लिहितो.

तारीख आजची होती. समितीची बैठक खरं तर उद्या आहे, पण मी आजच निघालो. कशासाठी ते लपवत नाही. घराबाहेर पडताना केशरनं डबा दिला, एरवी देते त्याहून मोठा. 

फाट्यावर आलो आणि जीपचं मागचं चाक बसलं. पंक्चरचं दुकान तिथं एकच. चांदपाशा धुतलेला पांढरा सदरा घालून कुलूप लावत होता. बाजूला सरदारबी आणि ताहेरा एसटीची वाट बघत उभ्या. आज कुठं निघाले होते हे विचारायची गरज नव्हती.

मी ड्रायव्हरला म्हणालो, दुसरीकडं बघू. पण चांदपाशानंच कुलूप काढलं. सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, चाक खोललं. "जल्दी करतो साहेब. तुमाला लांब जायचं असंल." ट्यूब पाण्यात धरली, भोक शोधलं, घासून पट्टी लावली. एवढ्यात जालन्याची एसटी आली आणि गेली. सरदारबीनं एकदा बसकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. तो मान वर न करता म्हणाला, "दुसरी येती."

चाक बसवून झाल्यावर त्यानं स्टेपनी काढली. मी म्हणालो, ती चांगली आहे. तो म्हणाला, "हवा कमी हाय तिच्यात. रस्त्यात फसाल." हवा भरली. मी दहाची नोट काढली. त्यानं पाच रुपये परत दिले. "एकाच पंक्चरचे पैशे. हवा असतीच."

ज्या माणसाच्या विरोधात मी गैरहजर राहायला निघालो होतो, त्यानं माझी स्टेपनी तपासून दिली. आणि त्यात त्याची काही युक्ती नव्हती. मी तोंडाकडे नीट पाहिलं. तो फक्त आपलं काम बराबर करत होता.

मी म्हणालो, "बसा गाडीत. जालन्यापर्यंत सोडतो."

तिघं मागे बसले. मंठा रस्त्याला खड्डे फार.  रामनगरच्या पुढे ताहेरानं विचारलं, "साहेब, तुमी काय बोलणार तिथं?" तिला वाटलं होतं मी तिथंच निघालोय. सरदारबीनं तिला कोपरानं ढोसलं. मी आरशात पाहिलं. पोरीनं उजवा हात ओढणीत घेतला होता, बोटं एकमेकांना चिकटलेली. डाव्या हातात वही होती. डाव्या हातानं लिहायची सवय करतेय, मार्चमध्ये पुन्हा बसणार आहे, असं सरदारबी म्हणाली.

मी म्हणालो, "जे झालं ते बोलीन."

हे मी ठरवून बोललो का? नाही. तोंडातून गेलं. मग वाटलं, आता गेलंच आहे.

मंचापुढे काकासाहेब त्याच्या वकिलाबरोबर बसला होता. मला बघून आधी हसला, आपल्या बाजूनं आलोय असं वाटलं त्याला. ते हसू मला विसरता येणार नाही.

शपथ घेतली. शिवकन्याबाईंनी एकच प्रश्न विचारला, तोच. मी म्हणालो, "विकला. मीच विकला. धनत्रयोदशीच्या दिवशी, सव्वाशे रुपयांना. त्यांनी पावती मागितली होती. मी दिली नाही."

"का दिली नाही?"

"कर वाचावा म्हणून. आणि मला ते मोठं काम वाटत होतं."

काकासाहेबाचा वकील उठला. "आपण एवढी गर्दी असताना एका गिऱ्हाईकाला कसं काय लक्षात ठेवलंत?" मी म्हणालो, "मी विसरलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या."

बाहेर आलो तर काकासाहेब निघून गेला होता. सरदारबी पायऱ्यांवर बसून रडत होती. चांदपाशानं माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. डबा त्यांच्याबरोबर खाल्ला. चौघांना पुरला. ड्रायव्हरलाही.

११ जानेवारी १९९२, वाटूर

काकासाहेबानं अंगणात उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं. "माहीत व्हतं मला. नाव नकली हाय, माल नकली हाय, सगळं माहीत व्हतं. सगळा फाटा त्योच माल इकतो. तुमच्या इलेक्शनला जीपा लावल्या, पत्रकं छापली, त्यो पैसा आबाळातनं पडला काय?"

मी दोन वर्षं त्याला कष्टाळू म्हणत आलो. तो कष्टाळू आहेच. पण माझ्या दुकानात, माझ्या निवडणुकीत, माझ्या डोळ्यांदेखत होतं ते मला दिसलं नाही. दिसलं नाही, का बघितलं नाही, हा प्रश्न मंचानं विचारला नाही. बरं झालं.

त्यानं स्वयंपाक वेगळा केला. आईच्या फोटोसाठी वाद झाला. फोटो तो घेऊन गेला.

२७ जून १९९२

मंचाचा निकाल एप्रिलमध्येच लागला. दुकानानं नुकसानभरपाई द्यायची, पुढच्या ऑपरेशनच्या खर्चासह. आदेशात लिहिलंय की पावती न देणं हीच सेवेतली उणीव आहे आणि विक्रेत्याला तिचा फायदा घेता येणार नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. माझा अर्धा वाटा मी लगेच भरला. काकासाहेबानं दोन महिने लावले, पण भरला.

ताहेरा दहावी पास झाली. वरचा वर्ग नाही, पण पास. केशरनं पेढे आणले. मी म्हणालो, "तुझी बहीण बरी झाली का गं? हल्ली गुरुवारी जात नाहीस."  ती म्हणाली, "झाली बरी." आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मला काही उमगलं नाही.

१६ डिसेंबर १९९४, नागपूर

शेवटचं अधिवेशन. करमाफीवरच्या चर्चेत बोललो. साडेचार वाजले होते, सभागृहात वीस-पंचवीस माणसं. म्हणालो, "मी या सभागृहात विक्रीकराला न बोलावता आलेला भागीदार म्हटलं होतं. ते शब्द मी मागे घेतो. कर चोरासारखा घेऊ नका, माणसाला उन्हात उभं करून घेऊ नका, हे माझं म्हणणं आजही आहे. पण जो साबण घेतो त्याच्याकडून घ्यायचा आणि जो कारखाना काढतो त्याला सोडायचा, हे कोणत्या हिशेबात बसतं? आणि गिऱ्हाईकाच्या हातात कागद नसेल, तर कर सरकारचा बुडतो आणि हात पोरीचा जळतो."

एकही बाक वाजलं नाही. शेजारचे सदस्य हळूच म्हणाले, "भुजंगराव, निवडणूक दोन महिन्यांवर आहे." मी म्हणालो, माहीत आहे. माहीत होतंच. पण बोलताना भीती वाटत होती, हे इथं लिहायला हरकत नाही.

शेठचा फोन आला नाही.

१२ मार्च १९९५, वाटूर

पडलो. सहा हजारांनी. फाट्यावरच्या पेटीत मला एकसष्ट मतं. व्यापारी संघानं दुसरा उमेदवार दिला होता. तरी शेठ घरी येऊन गेले. म्हणाले, "मी तुमच्या विरोधात काम केलं. तुम्ही माणूस म्हणून खोटे नाहीत, पण माझे राहिला नाहीत." मी म्हणालो, बरोबर आहे. जेवून गेले.

कडू वाटतं का? वाटतं. रात्री झोप लागत नाही आणि सकाळी कोणी दारात नसतं. पाच वर्षं चप्पल घालायला वेळ मिळत नव्हता, आता दिवसभर चप्पल दारात पडून असते.

२५ सप्टेंबर १९९७, वाटूर

अडीच वर्षांनी वही उघडली, कारण अंगाची लाही झाली आहे.

ताहेरा यंदा ग्रामपंचायतीवर निवडून आली. बायकांच्या राखीव जागेवर, बावीस वर्षांची पोर. गावातली पोरं शिकवते, शिकवणीच्या जोरावर आली. मी स्वतः तिच्या प्रचाराला चार घरं फिरलो. आणि आज ग्रामपंचायतीची नोटीस आली: घरपट्टीची नवी आकारणी. पत्र्याच्या घरांना कमी, स्लॅबच्या घरांना आणि फाट्यावरच्या दुकानांना जास्त. माझी घरपट्टी दुपटीच्या वर! प्रस्ताव कोणाचा म्हणून विचारलं, तर सदस्य ताहेरा चांदपाशा.

माझ्यावर! मी काय कारखाना काढलाय?

केशरला म्हणालो, दोन तारखेच्या ग्रामसभेत उभा राहून बोलणार. चार मुद्दे काढलेत. ती म्हणाली, "बोला की. बोलायला तुमाला कोण अडवतंय?"

२ ऑक्टोबर १९९७, वाटूर

शाळेच्या पटांगणात सभा. एवढी गर्दी घरपट्टीनंच जमवली. एका बाजूला आम्ही स्लॅबवाले, समोर वस्तीतली माणसं. काकासाहेब आमच्याच बाजूला, दोन रांगा पुढे. पाच वर्षांत आम्ही एकमेकांशी शब्द बोललो नव्हतो. कानावरचे केस पांढरे झालेत त्याचे.

ताहेरानं यादी वाचली. वाकड्या बोटांच्या हातानं कागद दाबून धरायचा आणि डाव्या हातानं ओळीवर बोट ठेवायचं. माझं नाव आलं. दोन मजले, पक्कं बांधकाम, नवी आकारणी इतकी. आवाज जराही हलला नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी उठायच्या आत काकासाहेब उठला. "ह्यो अन्याव हाय! धंदा करायचा का पट्टी भरायची?" मग एकदम मागे वळून म्हणाला, "अण्णा, तुमी बोला की! विधानसभेत टॅक्सवर भाषणं केली तुमी. हितं काय गप बसून राह्यले?"

अण्णा म्हणाला. पाच वर्षांनी.

मी उठलो. कागद हातात होता, चारही मुद्दे बरोबर होते. ताहेरा माझ्याकडे बघत होती. घाबरलेली होती, ते मला दिसलं. ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. पण नजर खाली घातली नाही.

मी विचारलं, "ह्यो पैसा कशासाठी?"

"पाइपलाइन, काका. फाट्यावर तीन नळ हायेत. आमच्या मोहल्ल्यात आन् खालच्या वस्तीत एक बी न्हाई. बायका हापशावर दोन-दोन घंटे उभ्या राहतात."

खालच्या वस्तीतल्या बायका पुढच्याच ओळीत बसल्या होत्या. मी पाच वर्षं आमदार होतो. तीन नळांपैकी दोन माझ्या काळातले. ते कुठं बसवले हे मला आत्ता, सभेत उभं असताना, लक्षात आलं.

मी म्हणालो, "माझ्या घराचं माप चुकलंय."

आमच्या बाजूनं "बराबर! बराबर!" असा आवाज उठला.

"मागच्या अंगाला दोन खोल्या वाढवल्यात गेल्या साली. त्या यादीत न्हाईत. लिहून घ्या."

क्षणभर कोणाला कळेना. मग समोरच्या ओळीतली एक म्हातारी मोठ्यानं हसली आणि सगळं पटांगणच हसायला लागलं. ताहेरानं मान खाली घालून डाव्या हातानं लिहून घेतलं.  काकासाहेब कपाळाला हात लावून मटकन खाली बसला.

परत येताना तो माझ्या मागोमाग दहा पावलांवर चालत होता. माझं घर आलं तरी थांबला नाही, आत आला. ओट्यावर बसला आणि सुरू झाला. "तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. सोताहून कोण खोल्या सांगतं? पोरीला काल मतं दिली, आज आपल्या डोक्यावर बसली."

खरं सांगायचं तर मलाही आतून चरचरत होतंच. दोन खोल्यांची पट्टी म्हणजे काही थोडीथोडकी नाही. न्यायाचं होतं म्हणून सांगितलं, पण न्यायाचं असलं तरी खिशाला लागायचं ते लागतंच. मी म्हणालो, "दर जरा जास्तच लावलाय तिनं."

"जरा? चांगलाच लावलाय!"

"दुकानाला तरी दोन टप्प्यांत घ्यायला पाहिजे व्हता."

"आता बोलून राह्यले! तिथं का न्हाई बोलले?"

केशर दोन कप घेऊन बाहेर आली. काकासाहेबाच्या पुढ्यात ठेवताना म्हणाली, "भावजी, पोटभर शिव्या घाला दोघं मिळून. पण पट्टी सोमवारच्या आत भरा."

आम्ही अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून ताहेराच्या पट्टीला नावं ठेवली. तो एक बोलायचा, मी एक बोलायचो. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.